विमानांचे बारसे आणि राष्ट्राचे स्वत्व

(काष्टी, ता. श्रीगोंदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शनिवारचा काष्टीचा बाजार हा केवळ श्रीगोंदे तालुक्याचा नाही. भीमेच्या दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांचा तो बाजार आहे. या बाजारात उभ्या असलेल्या बैलाला नाव नसते. खिल्लार, दोन दाती की चार दाती, औताला कसा, गाडीला कसा, एवढीच त्याची ओळख. व्यवहार ठरतो, कासरा नव्या हातात जातो, बैल नव्या दारात येतो. घरची माउली त्याच्या पायावर पाणी घालते, कपाळी कुंकू लावते, आणि मग कोणीतरी त्याला हाक मारते. सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या. त्या क्षणी तो बाजारातला माल राहत नाही, घरातला होतो. मात्र अनुभवी शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. विकत आणलेला बैल बरेच दिवस जुन्याच हाकेला कान टवकारतो. घरच्या गाईच्या पोटी जन्मलेले वासरू मात्र पहिल्या हाकेपासून आपलेच असते.

लष्करी विमानांच्या नामकरणाची कथा याहून फार वेगळी नाही. विमानाला कारखान्यातील अक्षरे आणि आकडे असतात. ते त्याचे दात आणि वय. त्यापलीकडे त्याला एक नाव मिळते. ते नाव कोण देतो, कशावरून देतो आणि ते लोकांच्या ओठी रुळते की नाही, यावरून त्या राष्ट्राचे मन वाचता येते.

जेत्यांची नावे आकाशात

नामकरणाची शिस्त इंग्रजांनी फार लवकर बसवली. त्यांच्या हवाई खात्याचे संकेत ठरलेले होते. बाँबफेकी विमानांना शहरांची नावे, म्हणून लँकेस्टर, हॅलिफॅक्स, स्टर्लिंग. लढाऊ विमानांना वेग, वादळ आणि आवेश सुचवणारी नावे, म्हणून हरिकेन, टायफून, टेंपेस्ट. प्रशिक्षणाच्या विमानांना विद्येशी नाते सांगणारी नावे, म्हणून ऑक्सफर्ड, हार्वर्ड, ट्यूटर. भारतीय वायुदलाने १९५७ पासून २००७ पर्यंत वापरलेले कॅनबेरा हे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचे नाव घेऊन आले होते. नाव ऐकताच विमानाचे काम कळावे आणि त्याच वेळी साम्राज्याचा नकाशाही डोळ्यांसमोर यावा, अशी ती योजना होती.

याच मालिकेतील दोन नावे या जिल्ह्याने विसरू नयेत. व्हिकर्स कंपनीने १९३० नंतरच्या दशकात दोन बाँबफेकी विमाने बनवली. एकाचे नाव वेलस्ली, दुसऱ्याचे वेलिंग्टन. नावे दोन असली तरी माणूस एकच, आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ऑगस्ट १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या शिबंदीकडून नगरचा भुईकोट किल्ला घेणारा सेनापती तोच. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या रणांगणावर मराठी फौजेचा पराभव करणाराही तोच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाने हीच वेलिंग्टन विमाने भारतातील तळांवरून जपान्यांविरुद्ध उडवली. ज्याने मराठ्यांचे राज्य खिळखिळे केले, त्याचे नाव मिरवणारी विमाने याच देशाच्या आभाळात घरघरत होती, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. पारतंत्र्य म्हणजे केवळ कर भरणे नव्हे. आपल्या आभाळात कोणाचे नाव उडावे हे ठरवण्याचा अधिकार नसणे, हेही पारतंत्र्यच.

अमेरिकेची रीत निराळी. तेथील भूसेना आपल्या हेलिकॉप्टरांना मूळनिवासी जमातींची नावे देते. अपाचे, चिनूक, कायोवा, लाकोटा ही ती नावे. ज्या अपाचे योद्ध्यांशी अमेरिकी सैन्य कित्येक वर्षे झुंजले, ज्यांचा नेता जेरोनिमो १८८६ मध्ये शरण आला, त्यांचेच नाव आज त्या सैन्याच्या अत्यंत घातक हेलिकॉप्टरला आहे. त्यात शौर्याचा सन्मान आहे, हे खरेच. पण जिंकलेल्याचे नावही जिंकणाऱ्याच्या मालकीचे होते, हेही तितकेच खरे. २०१९ पासून चिनूक आणि अपाचे ही दोन्ही हेलिकॉप्टरे भारतीय वायुदलात आहेत, आणि ती याच नावांनी ओळखली जातात.

रशियनांनी नावांचा फारसा सोस केला नाही. विमान ज्याच्या कार्यशाळेत घडले, त्या अभियंत्याचे नाव आणि पुढे आकडा, एवढ्यावर त्यांनी भागवले. मिकोयान आणि गुरेविच या दोघांच्या नावांपासून ‘मिग’, पावेल सुखोई यांच्यापासून ‘सुखोई’. लढाऊ विमानांना साधारणपणे विषम आकडे. मिग-२१, मिग-२३, मिग-२७, मिग-२९ ही रांग भारतीयांना तोंडपाठ आहे. विमानाला सेनापतीचे किंवा श्वापदाचे नाव न देता ते घडवणाऱ्या अभियंत्याचे देणे, ही रशियनांची रीत विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे तिचे एक सुंदर उदाहरण आहे. ‘रुस्तम’ हे मानवरहित विमान राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील दिवंगत प्राध्यापक रुस्तम दमानिया यांच्या स्मृतीशी जोडलेले आहे. त्यांच्या चमूने घडवलेल्या हलक्या विमानातूनच त्याचा आराखडा विकसित झाला.

रशियन विमानांची खरी नावे शत्रूला कळत नसत, म्हणून नाटो राष्ट्रांनी त्यांना स्वतःच नावे ठेवली. येथे ‘नावे ठेवणे’ या मराठी वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ लागू पडतात. लढाऊ विमानाचे नाव इंग्रजी ‘एफ’ अक्षराने सुरू व्हायचे, बाँबफेकीचे ‘बी’ने, मालवाहूचे ‘सी’ने, हेलिकॉप्टरचे ‘एच’ने. पंख्याच्या विमानाला एका अवयवाचा शब्द, जेटला दोन अवयवांचा. बिनतारी यंत्रावर शब्द कानी पडताच समोर काय येत आहे हे कळावे, हा त्यामागचा हिशेब. मिग-१९ ला त्यांनी ‘फार्मर’ म्हटले, म्हणजे शेतकरी. त्यात शेतकऱ्याचा आदर नव्हता. केवळ अक्षर जुळत होते. याच सुमारास भारतात एका लष्करी विमानाला शेतकऱ्याचेच नाव मिळत होते, पण ते आपल्या भाषेत. त्याकडे पुढे वळू.

दिलेली नावे आणि रुळलेली नावे

स्वातंत्र्यानंतर भारताने परदेशातून आणलेल्या विमानांना स्वतःची नावे देण्यास आरंभ केला. १९५३ मध्ये फ्रान्सहून ‘उरागाँ’ आले. त्या शब्दाचा अर्थ चक्रीवादळ. आपण त्याचे ‘तुफानी’ केले. याच फ्रेंच कारखान्याचे ‘मिराज’ १९८५ मध्ये आले. मिराज म्हणजे मृगजळ. रणांगणावर मृगजळ कशाला हवे? आपण त्याला ‘वज्र’ म्हटले, आणि १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर ते वज्रासारखेच कोसळले. जग्वार ‘शमशेर’ झाले, मिग-२७ ‘बहादूर’ झाले, मिग-२९ ‘बाज’ झाले, अतिउंचीवरून टेहळणी करणारे मिग-२५ ‘गरुड’ झाले. अवजड इल्युशिन-७६ ‘गजराज’, तर अँतोनोव-३२ ‘सतलज’. हेलिकॉप्टरांमध्ये एमआय-८ ‘राणा’ आणि एमआय-१७ ‘प्रताप’. दोन्ही मिळून राणा प्रताप. त्यांच्या जोडीला ‘चेतक’ होताच. गंमत अशी की, एमआय-२५ आणि एमआय-३५ या हल्लेखोर हेलिकॉप्टरांना ‘अकबर’ हे नाव मिळाले. हळदीघाटीतले दोन्ही पक्ष एकाच वायुदलाच्या छत्राखाली आले.

नावे उत्तम होती. पण ती किती जणांच्या ओठी आली? कारगिलच्या वेळी घराघरांत ‘मिराज’ म्हटले गेले, ‘वज्र’ नव्हे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जुळणी झालेले मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले. त्याला ‘बहादूर’ म्हणणारे वायुदलाबाहेर फारसे कोणी नव्हते. मिग-२१ च्या एका प्रकाराला ‘त्रिशूल’ आणि दुसऱ्याला ‘विक्रम’ असे नाव होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर त्याला निरोप दिला गेला, तेव्हाही सर्वांच्या तोंडी ‘मिग’च होते. पुढे सुखोई सुखोईच राहिले आणि राफेल राफेलच. विकत आणलेला बैल जुन्या हाकेला कान टवकारतो, तो असा.

इस्रायलचे उदाहरण येथे घ्यावेसे आहे. अमेरिकेकडून आलेल्या प्रत्येक विमानाला ते राष्ट्र हिब्रू नाव देते. एफ-१५ ला त्यांनी ‘बाझ’ म्हटले, एफ-३५ ला ‘अदिर’. तेथे ही नावे रुळली आहेत. कारण नाव देऊन ते थांबत नाहीत. विमानाच्या पोटात स्वतःची यंत्रणा बसवतात, स्वतःची शस्त्रे लावतात. नावाच्या पाठीशी हात असावे लागतात.

हसूरचंपूचा अभियंता

असे हात महाराष्ट्राने देशाला दिले आहेत. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. भीमेपलीकडच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, तेच हे वालचंद. पुढे हाच कारखाना राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने ओळखला जातो.

या कारखान्यात पहिले भारतीय आराखड्याचे विमान घडवण्याचे नेतृत्व डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी केले. जन्म १९०८, गाव कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजजवळचे हसूरचंपू. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यासारख्या वायुगतिशास्त्राच्या महर्षींकडे त्यांनी संशोधन केले. तेथे राहण्याचा मोह न धरता ते मायदेशी परतले. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९५१ मध्ये त्यांच्या आराखड्याचे प्रशिक्षण विमान उडाले. त्याला नाव नव्हते; एचटी-२, म्हणजे हिंदुस्थान ट्रेनर क्रमांक दोन, एवढेच. भारतीय वायुदलाच्या वैमानिकांच्या पिढ्या या निनावी विमानावर उडायला शिकल्या.

नावे त्यानंतर आली, आणि ती कशी पाहा. दोन आसनी हलके विमान ‘पुष्पक’. सैन्याच्या तोफखान्यासाठी टेहळणी करणारे विमान ‘कृषक’. जेट प्रशिक्षण विमान ‘किरण’, पहिले उड्डाण १९६४. नाटोने अक्षर जुळवण्यासाठी मिगला ‘फार्मर’ म्हटले, त्याच सुमारास एका मराठी अभियंत्याच्या कारखान्यातून सैन्यासाठी ‘कृषक’ बाहेर पडत होते. ज्या देशात जवान शेतकऱ्याच्याच घरातून येतो, त्या देशाच्या लष्करी विमानाला याहून समर्पक नाव कोणते असणार?

‘किरण’ची कथा अधिक बोलकी आहे. १९९६ मध्ये वायुदलाचे कसरती पथक उभे राहिले, ते किरण विमानांवर; म्हणून त्याचे नाव ‘सूर्यकिरण’. आज हे पथक ब्रिटिश बनावटीची हॉक विमाने उडवते, पण नाव सूर्यकिरणच आहे. विमान बदलले, नाव टिकले. घरी घडलेल्या वस्तूच्या नावात असे बळ असते.

चिलट आणि तलवार

नाव मोठे असले म्हणजे पराक्रम मोठा होतो, असे मात्र नाही. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे अमेरिकी ‘सेबर’ विमाने होती. सेबर म्हणजे तलवार. भारताकडे इंग्रजी आराखड्याची छोटी ‘नॅट’ विमाने होती. नॅट म्हणजे चिलट. त्या चिलटांनी तलवारी मोडल्या, आणि जगाने त्यांना ‘सेबरचा कर्दनकाळ’ ही पदवी दिली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी एकाकी झुंज देत फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हुतात्मा झाले, तेही नॅटमध्येच. परमवीरचक्राचे ते वायुदलातील एकमेव मानकरी. पुढे भारतीय अभियंत्यांनी नॅट सुधारून घडवले, तेव्हा त्याला नाव मिळाले ‘अजित’. आधी पराक्रम, मग नाव, असा हा क्रम आहे.

याच्या उलट क्रम शेजारी देशात दिसतो. पाकिस्तानने आपल्या क्षेपणास्त्रांना घोरी, गझनवी, अब्दाली अशी नावे दिली. अब्दाली म्हणताच मराठी मनात १४ जानेवारी १७६१ चे पानिपत उभे राहते. पण या आक्रमकांच्या टाचांखाली आधी कोणती भूमी आली? लाहोर, मुलतान आणि पंजाब. आपल्याच पूर्वजांची गावे लुटणाऱ्यांची नावे अस्त्रांवर कोरण्याची वेळ एखाद्या राष्ट्रावर का यावी, याचे उत्तर त्या राष्ट्राने स्वतःला द्यावे. भारताची नावे मात्र कोणाच्या द्वेषातून आलेली नाहीत. पृथ्वी, अग्नी, आकाश ही पंचमहाभूते आहेत.

मरुताचा धडा

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या यंत्राशी ‘मरुत्सखा’ हे नाव जोडले जाते आणि १८९५ मध्ये त्याने चौपाटीवर उड्डाण केल्याचे सांगितले जाते. तळपदे यांची जिज्ञासा वंदनीय आहे. पण त्या उड्डाणाला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार मिळालेला नाही. अभिमानाला संशयास्पद कथेचा टेकू कशाला हवा? ज्याची प्रत्येक नोंद उपलब्ध आहे, असा एक मरुत आपल्याकडे आहे, आणि त्याची कथा आपण फार कमी सांगतो.

जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय चमूने घडवलेले एचएफ-२४ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी आकाशात झेपावले. युरोप, अमेरिका आणि रशिया सोडून जेट लढाऊ विमान घडवण्याचे धाडस करणारे देश तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येत. नाव ऋग्वेदातून घेतले, ‘मरुत’. देखणे, मजबूत, वैमानिकांचे आवडते विमान. १९७१ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात त्याने शत्रूला जेरीस आणले.

मग हे विमान फुलले का नाही? कारण एकच, इंजीन. ज्या अधिक शक्तिमान ब्रिटिश इंजिनाचा हिशेब धरून आराखडा आखला होता, ते इंजीन ब्रिटनमध्ये पूर्णत्वास गेलेच नाही. भारताने त्यासाठी पैसा ओतला नाही आणि पर्यायी इंजीनही वेळेवर उभे केले नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न पाहणारा मरुत ध्वनीच्या वेगाशीच अडखळला. १४७ विमानांवर उत्पादन थांबले. वेदातले नाव होते, उत्तम देह होता, शूर वैमानिक होते. हृदय मात्र परक्याचे होते.

तेज आणि तप

हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला. ४ जानेवारी २००१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले, आणि २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याला ‘तेजस’ हे नाव दिले. वृत्तपत्रांतील ‘एलसीए’ मागे पडले आणि ‘तेजस’ लोकांनी उचलले. असेच ‘ध्रुव’ रुळले. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी, दुर्गाष्टमीच्या दिवशी, जोधपूरला वायुदलात आलेले ‘प्रचंड’ही रुळले. ही घरच्या गाईची वासरे आहेत. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तर नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या तेजसने महाराष्ट्राच्या आभाळात भरारी घेतली. जेथे दशकानुदशके रशियन आराखड्यांची जुळणी झाली, तेथे आता आपले विमान घडते आहे.

पण मरुताचा धडा विसरून चालणार नाही. तेजसच्या पोटात आजही अमेरिकी इंजीन आहे. ते पुरवठादाराकडून उशिरा आले की विमाने इंजिनाविना उभी राहतात, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले. स्वदेशी इंजिनाला आपण नदीचे पवित्र नाव दिले, ‘कावेरी’. पण तेजसला लागणारे बळ ते देऊ शकले नाही, आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करावे लागले. सुरेख नावाने धातूची उष्णता सोसण्याची ताकद वाढत नाही. ती वाढते प्रयोगशाळेत, भट्टीत, शेकडो फसलेल्या चाचण्यांनंतर. ‘रुस्तम’च्या पुढच्या पिढीला ‘तपस’ हे नाव मिळाले. तेही सैन्याने मागितलेली उंची आणि उड्डाणाचा अवधी गाठू शकले नाही. तेथे निराश व्हायचे कारण नाही. तप एका पिढीत फळाला येतेच असे नाही.

या बाबतीत नगर जिल्हा केवळ प्रेक्षक नाही. नगरची वाहन संशोधन आणि विकास संस्था लष्करी वाहनांसाठी प्रसिद्ध आहे. याच संस्थेचा वाटा ‘निशांत’ या मानवरहित विमानाच्या स्वदेशी फिरत्या इंजिनात होता, आणि २००९ मध्ये ते इंजीन लावून निशांत उडाले. इंजीन छोटे होते, विमान छोटे होते. पण निशांत म्हणजे रात्रीचा अंत. नगरच्या मातीत घडलेल्या इंजिनाने ते नाव सार्थ करण्याचा प्रारंभ केला, ही गोष्ट या तालुक्यातील प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

२०२४ मध्ये या जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीच्या या कन्येचे नाव लागणे हा अभिमानाचा क्षण होता. पण अहिल्यादेवींनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, देवळे उभारली, न्याय दिला. म्हणून त्यांचे नाव राहिले. नाव हे कर्तृत्वाच्या मागून चालत येते. ते पुढे लावले, तर कर्तृत्वाने धावत येऊन त्याला गाठावे लागते. तेजस हे नाव आपण आधी दिले आहे. ते ऋण आहे, आणि ते फेडायचे आहे.

श्रीगोंद्याच्या शाळांतून दरवर्षी शेकडो मुले दहावी उत्तीर्ण होतात. त्यांपैकी अनेकांना सैन्याची ओढ आहे, आणि ती या भूमीला साजेशीच आहे. पण त्यांतल्या काहींनी धातुशास्त्र शिकावे, काहींनी यंत्र अभियांत्रिकी, काहींनी उत्तम लेथ चालवावी आणि एक सूतही इकडेतिकडे होऊ देऊ नये. सीमेवर उभा राहणारा जवान आणि इंजिनाच्या पात्यावर रात्र जागवणारा तंत्रज्ञ, दोघेही एकाच राष्ट्राचे संरक्षण करतात. हसूरचंपूसारख्या खेड्यातून एक विष्णु माधव घाटगे निघू शकतो, तर काष्टीतून का निघू नये? ज्या दिवशी तेजसच्या वंशातील विमान स्वदेशी इंजिनावर झेपावेल, त्या दिवशी त्या इंजिनाचे बारसे करण्याचा मान ते घडवणाऱ्या हातांचा असेल.

भारतमाता की जय!